पाक कच्चा होता

माझी सगळी नोकरी लोकांचं नुकसान झालेलंच नाही हे सिद्ध करण्यात गेली. विमा कंपनीत सर्वेअर होतो. दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, ट्रक दरीत गेला, की माझी स्वारी हजर. जळक्या साड्यांची राख चिमटीत धरून मी मालकाला पटवून द्यायचो की ही राख आगीच्या आधीपासूनच राख होती. पुरात वाहून गेलेल्या एका म्हशीचा दावा तर मी, म्हैस स्वखुशीनं पोहायला गेली होती, या मुद्द्यावर फेटाळला. हे कोणाला खरं वाटत नाही. पण त्या वर्षी कंपनीनं दिलेलं घड्याळ अजून माझ्या मनगटावर आहे, आणि ते काही मला म्हशीनं दिलेलं नाही.

या धंद्यातला पहिला धडा असा की भरपाई मागणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि भरपाई मागणाऱ्यासाठी धडा असा की त्यानं तोंड उघडायचं नाही. हवं तर रडावं, पण बोलू नये. माणूस बोलायला लागला की स्वतःच्याच दाव्याला भोक पाडतो. हे सगळं मी बायकोला नीट पढवलं होतं. तरी व्हायचं ते झालं, कारण माझी बायको जगातलं सगळं सहन करील, अगदी मलाही केलंय, पण तिच्या पाकाला कोणी नाव ठेवलेलं तिला चालत नाही.

बायको हलव्याचे दागिने करते. शेगडीवर परात, परातीत तीळ आणि खसखस, त्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबानं, आणि दिवसच्या दिवस बोटांनी हलवत राहायचं. हळूहळू दाण्यावर पांढरे काटे उभे राहतात. सगळी करामत त्या काट्यात. पाक जरा कच्चा राहिला की दाणा चिकट होतो आणि काटा बसतो. मग ते दाणे ओवून हार, बाजूबंद, मुकुट, नथ, नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालायला. बायकोच्या हलव्याचा काटा असा की एका नवरीच्या हाराला कौतुकानं हात लावणाऱ्या नवरदेवाला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं होतं. अख्ख्या सदाशिव पेठेत तिच्या हाताचं नाव. ते नाव हीच तिची मिळकत, बाकीचं सगळं कोळशात आणि साखरेत जायचं.

आम्ही इमारतीत सगळ्यात वर राहतो. डोक्यावर गच्ची. ती गच्ची गळत नव्हती, पण शेजारच्या इमारतीनं वॉटरप्रूफिंग करून घेतलं म्हटल्यावर आमच्या सोसायटीला आपली गच्ची ओलसर वाटायला लागली. आमचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले ते शाळेतून, मुख्याध्यापकपणातून नाही. आम्हा सभासदांकडे ते नववी 'क'च्या वर्गाकडे बघावं तसं बघतात. त्यांनी कंत्राटदार आणला. कंत्राटदाराच्या माणसांनी गच्चीवरचा जुना कोबा यंत्रानं फोडायला घेतला. आमच्या घरात पंखे बंद असताना फिरायला लागले. भिंतीवरच्या फोटोतले माझे वडील आधी समोर बघायचे, ते माझ्याकडे बघायला लागले.

कोबा फोडताना खालच्या स्लॅबलाही तडा गेला, हे तेव्हा कोणाला कळलं नाही. वर नवा थर घातला आणि मग चाचणीसाठी गच्चीवर पाणी भरून ठेवलं. कंत्राटदार म्हणतो चार बोटं पाणी होतं. मी म्हणतो तिथे पोहण्याचे उन्हाळी वर्ग घेता आले असते.

नेमके त्याच वेळी आम्ही साताऱ्याला लग्नाला गेलो होतो. संक्रांत तोंडावर आलेली. आतल्या खोलीतला माळा हा घरातला सगळ्यात कोरडा, उबदार कोपरा, म्हणून हंगामाचं सगळं काम तिथे, खोक्यांमध्ये पातळ फडक्याखाली झाकून ठेवलेलं. परत आलो, कुलूप काढलं, तर आतल्या खोलीत माळ्यावरून पाक गळत होता. दिव्याच्या वायरीवाटे आलेलं पाणी बरोबर खोक्यांवर. आणि मुंग्या म्हणाल तर पुण्यातल्या झाडून सगळ्या. येरवड्याच्या तुरुंगातल्यासुद्धा पॅरोलवर सुटून आल्या असाव्यात, इतक्या शिस्तीनं रांगेत होत्या.

बायकोनं स्टुलावर चढून एक खोकं खाली घेतलं. हार उचलला तर हातात नुसता दोरा आला. तिनं दुसरा उचलला. तिसरा उचलला नाही.

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरून सेक्रेटरींची सून वर आली. ही वर्ध्याकडची, इकडे आयटीत नोकरीला आलेली, इथेच सेक्रेटरींच्या मुलाशी लग्न झालेलं. ही तिची पहिली संक्रांत. तिनंही बायकोकडे दागिन्यांचा पूर्ण संच सांगितला होता आणि दर दोन दिवसांनी येऊन, "काकू, मुकुट किती झाला? आईला फोटो पाठवू न?" असं विचारून जायची. तिनं गळ्यात हेडफोन अडकवलेला होता, ऑफिसची मीटिंग चालू असावी, ती तिनं बंद केली आणि पंजाबी ड्रेसचे पाय दुमडून फरशी पुसायला बसली.

"माझा पण गेला काय, काकू?"

"गेला."

"ठीक आहे न. तुम्ही रडू नका."

"मी कुठं रडतेय? ते वरून ठिबकतंय."

मुख्याध्यापकांच्या घरात माणुसकीचा एवढा एकच तास होत असे, आणि तो ही मुलगी घ्यायची.

मी दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या दारात उभा राहिलो. ते म्हणाले, "या, बसा. नाही, बसू नका, पाच मिनिटांचंच काम असेल." मी नुकसान सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पाणी कशासाठी भरतात?"

"चाचणीसाठी."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठून गळतं ते कळावं म्हणून."

"कळलं?"

"कळलं की! माझ्या माळ्यावरून कळलं!"

"मग चाचणी यशस्वी झाली. यशस्वी चाचणीची भरपाई कोण मागतं, सर्वेअरसाहेब?"

खरं सांगतो, क्षणभर मला त्यांचा हेवा वाटला. हा माणूस आमच्या कंपनीत असता तर पुण्यात एकाही म्हशीला न्याय मिळाला नसता. पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. मी जिन्यातल्या प्रत्येक मजल्यावर थांबून, दार उघडं असेल तिथे दारात आणि बंद असेल तिथे बेल वाजवून, असा काही आरडाओरडा केला की शेवटी सेक्रेटरींना पाहणीला यावं लागलं. बरोबर कंत्राटदार. हा मुळशीकडचा, अंगानं आडवा आणि बोलण्यात भलताच नम्र. नम्र कंत्राटदार दिसला की मी आधी पाकीट चाचपतो.

पाहणी अगदी रीतसर झाली. माळा बघितला, तडा बघितला, दोरे बघितले. कंत्राटदार म्हणाला, "हाय, ओल हाय. आमी न्हाई म्हनत न्हाई. पर साखर हाय ती, साहेब. साखरेला वारं लागलं तरी पानी सुटतंय." मी गप्प. बायको गप्प. दावा सोन्यासारखा उभा होता. आणि मग ते उठले, आणि माझ्या बायकोनं घात केला.

आमच्या घरात संक्रांतीच्या दिवसांत आलेल्याच्या हातावर हलवा ठेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. शत्रू असला तरी. कदाचित शत्रू असला तर जास्तच. स्वयंपाकघरातल्या डब्यात ओवायचा राहिलेला थोडा हलवा सुका राहिला होता. तो घेऊन ती आली. मी डोळे वटारले. तिनं बघितलं नाही. सेक्रेटरींनी दाणे तोंडात टाकले, हळूहळू फोडले, आणि वर्गात नवा मुलगा आल्यावर विचारतात तसं विचारलं, "वा! हा माळ्यावरच्यातलाच का हो, वहिनी?"

मी हळूच बायकोला पाय मारला. तो कंत्राटदाराला लागला. "आयोव," तो म्हणाला.

बायकोनं मान ताठ केली. "त्यातलाच. एकाच पाकातला. माझा पाक दोन तऱ्हेचा होत नाही."

झालं. म्हैस पोहायला गेली.

पुढच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. सेक्रेटरी उभे राहिले. म्हणाले, "एकाच पाकातला हलवा स्वयंपाकघरात उत्तम राहतो आणि माळ्यावर विरघळतो. मंडळी, विचार करा. एक तर माळ्यावरचाही उत्तमच असणार, मग नुकसान कसलं? किंवा पाकच कच्चा होता, स्वयंपाकघरातल्यालाही उद्या पाणी सुटेल, मग दोष कोणाचा? दोन्हीकडून सोसायटीचा संबंध येत नाही." मी ओरडलो, "अहो, पाणी! वरून पाणी पडलं, पाणी!" तर पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "ओरडू नका हो, आम्हाला साखर आहे, पण ऐकू येतं." सगळे हसले. माझी बायको खुर्चीत बसली होती. तिच्या हाताच्या बोटांना शेगडीच्या चटक्यांचे जुने डाग आहेत. ती बोटं तिनं पदराखाली घेतली.

मग सेक्रेटरींनी आवाज मऊ केला. "तरीपण माणुसकी म्हणून सोसायटी वहिनींना काही द्यायला तयार आहे. एवढंच की, पाक कच्चा राहिल्यामुळे माल खराब झाला, गच्चीच्या कामाशी संबंध नाही, अशा कागदावर त्यांनी सही करावी."

मी सर्वेअर माणूस. असले कागद मी विधवांकडून भरून घेतलेत आणि वर पेनही परत मागून घेतलंय. मी बायकोच्या कानात म्हटलं, "कर सही. पैसे घे, कागद गेला उडत."

"अहो," ती म्हणाली, आणि हळू नाही म्हणाली, "स्वतःला बावळट ठरवणाऱ्या कागदावर सही करा, आणखी एक घड्याळ देतो, असं तुमच्या कंपनीनं म्हटलं असतं. केली असतीत?" मग सेक्रेटरींकडे वळून, "सर, मला तुमचे पैसे नकोत. पाक पक्का होता, एवढं म्हणा. नाही म्हणत? मग राहू दे."

राहिलं. पण पेठेत शब्द राहत नाही, फिरतो. दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. ज्यांचे दागिने बुडाले त्यांना कळवायचं तर होतंच. बायकोनं कळवायच्या आधीच त्यांना कळलेलं असायचं, आणि तेही उलटं. "पाक कच्चा राहिला म्हणे? होतं हो, वय झालं की हात जातो." "आमच्या आईचंही असंच झालं होतं, मग आम्ही तिला गॅसजवळ जाऊ द्यायचो नाही." एका बाईनं तर आपुलकीनं डॉक्टरचं नाव सुचवलं. बायको प्रत्येकीला सांगायची, "वरून पाणी पडलं हो." पलीकडून यायचं, "हो, हो, पडलं असेल." तिनं शेगडी पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ढकलली. मी म्हटलं, "अगं, अजून हंगाम आहे." ती म्हणाली, "कोणाच्या हाताचा?"

सून वर आली होती एकदा. "काकू, माझ्यासाठी एक हार तरी करा न. छोटा. कसा पण." बायको म्हणाली, "होणार नाही आता. वेळ नाही." वेळ होता. हात होता. फक्त तिला ते त्या घरासाठी करायचं नव्हतं, आणि त्या घरात ही मुलगी राहत होती, हा तिचा दोष.

संक्रांतीनंतर सेक्रेटरींच्या घरचं हळदीकुंकू झालं ते गच्चीवर. नवं वॉटरप्रूफिंग सगळ्यांना दाखवायचंच होतं. नवऱ्यांना खुर्च्या वाहायला बोलावलेलं, त्यामुळे मीही होतो. बायको गेली, कारण न जाणं म्हणजे पाक कच्चा असल्याची कबुली. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि तिचं तोंड असं होतं की मी दोन खुर्च्या जास्तच वाहिल्या.

सून मधोमध बसलेली. काळी साडी, गळ्यात हार, दंडाला बाजूबंद, डोक्यावर मुकुट, सगळं पांढरंशुभ्र, चकाकणारं. शेजारी तिची आई, वर्ध्याहून रात्रभर प्रवास करून आलेली, लेकीचा पदर सारखा करण्यात गुंग. बायकांची गर्दी. आणि तेवढ्यात सेक्रेटरींना आमच्याकडे बघून राहवलं नाही.

"बघा वहिनी, बुधवार पेठेतून आणले! याला म्हणतात पक्का पाक. पाण्यात बुडवलं तरी काही होणार नाही!"

बायका हसल्या. माझी बायकोही हसली. ते हसू मी लग्नानंतर दोनदाच पाहिलंय आणि दोन्ही वेळा मी घर सोडून मित्राकडे राहायला गेलोय.

ती सुनेजवळ गेली. आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायका गमतीनं नव्या नवरीच्या हारातला एखादा दाणा तोडून तोंडात टाकतात. तिनं सुनेच्या हनुवटीला हात लावला, "छान दिसतेस," म्हणाली, हारातला एक मोठासा दाणा तोडला आणि तोंडात टाकला. चावला. पुन्हा चावला. दाणा कुरकुरला नाही, चीं करून ओरडला. बायकोनं दाणा तोंडातून काढला आणि सेक्रेटरींच्या तळहातावर ठेवला, हलवा ठेवतात तसा, अगदी नम्रपणे.

"थर्माकोल आहे, सर. खरंच बुडणार नाही. तरंगेल."

काय झालं होतं ते माझ्या डोळ्यासमोर उभं राहिलं. दुकानदारानं दोन्ही तऱ्हा दाखवल्या असणार, आणि मुख्याध्यापकांनी दरवर्षी वापरता येईल अशी तऱ्हा निवडली असणार. धाकट्या मुलाचं लग्न व्हायचंच आहे.

कोणीतरी म्हणालं, "बरंय हो, सून जुनी झाली तरी हार नवाच." मग जो हशा उठला तो खाली रस्त्यावर ऐकू गेला असेल, स्कूटरवाल्यांनी वर बघितलं असेल. एकीनं बाजूबंदाचा दाणा दाबून पाहिला, दुसरीनं मुकुटाचा. चीं, चीं. मी हसलो. मी तर सगळ्यात मोठ्यानं हसलो, दोन खुर्च्यांमध्ये कोसळलो. सेक्रेटरी लाल झाले आणि नववी 'क'मधल्या सगळ्यात गरीब पोराकडे वळावं तसे सुनेकडे वळले, "तूच म्हणाली होतीस ना, काहीही चालेल म्हणून?"

ती पोरगी बसून राहिली. मग तिनं मुकुट काढला. हार काढला. बाजूबंदाची गाठ सुटेना, ती तिच्या आईनं सोडवली. सगळं तिनं मांडीवर नीट ठेवलं आणि आलेल्या बायकांना हळदीकुंकू लावत राहिली, मोकळ्या गळ्यानं, एकेकीला. तिळगूळ घ्या, गोड बोला. आम्हालाही दिला.

दोन दिवसांनी सेक्रेटरी वर आले, एकटे. हातात पाकीट. "सोसायटीकडून. सही नको." बायकोनं पाकीट घेतलं नाही, म्हणाली, "आणि पाकाचं काय?" संध्याकाळी जिन्यातल्या फळ्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात सूचना लागली: "गच्चीच्या कामामुळे वरच्या मजल्यावरील हलव्याचे नुकसान झाले. सोसायटी जबाबदार आहे. पाक पक्का होता. या विषयावर जिन्यात चर्चा करू नये." मी तो फळा चार वेळा वाचला. आयुष्यभरात एवढा पुरा मंजूर झालेला दावा मी पाहिला नव्हता. फोन पुन्हा सुरू झाले. पुढच्या वर्षीची नावं आत्ताच लावायला लागले लोक. बायकोनं पाकीट घेतलं आणि शेगडी पलंगाखालून काढली.

त्याच आठवड्यात आम्ही भाजी घेऊन जिना चढत होतो आणि वरून सून उतरत होती. पाठीला लॅपटॉप, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तिनं कडेला होऊन आम्हाला वाट दिली. बायको थांबली.

"अगं, ऐक. पुढच्या संक्रांतीला तुला मी करते सगळं. मुकुटासकट. पैसे नकोत मला."

मुलगी थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला मला उत्तर देता येतं.

"पहिली संक्रांत झाली न माझी, काकू," ती म्हणाली, आणि उतरून गेली.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला सांगायचं होतं की असं काही नसतं, दुसऱ्या वर्षीही घालतात, माझ्या एका मावशीनं तर साठीत घातले होते आणि फोटोत सगळ्यात तीच खुलून दिसते. मी तोंड उघडलंसुद्धा.

"अहो, गप्प बसा," बायको म्हणाली, आणि वर न जाता तिथेच पायरीवर बसली.